अपडेटनंतर टॅब रखडला, तर घाई नको

मा. संपादक,

खानापूर, निपाणीकडे घरातले जुने टॅब मुलांच्या अभ्यासाला दिले जातात. मोठ्या अपडेटनंतर ते रखडले की लोक थेट नवा घ्यायला निघतात. थोडं थांबा. अपडेटनंतर टॅब आतल्या आत फायलींची सूची नव्याने बांधतो, ॲप्स जुळवून घेतो. दोन रात्री चार्जरला, वाय-फायवर ठेवा. पुष्कळदा तेवढ्याने भागतं.

नाहीच सुधारला, तर स्टोरेज बघा. 16 जीबीच्या टॅबमध्ये जेमतेम 1 जीबी उरली असेल, तर टाइप केलेलं अक्षरही उशिरा उमटतं. भरत आलेल्या स्टोरेजवर टॅबला नवी माहिती साठवायला वेळ लागतो. निदान 3 जीबी मोकळी करा, सुरुवात व्हॉट्सॲपच्या व्हिडिओंपासून. फॅक्टरी रीसेट, म्हणजे टॅब पुसून नव्यासारखा कोरा करणं, सगळ्यात शेवटी, तोही बॅकअप घेऊन. अँड्रॉइडवर गूगल खात्याचा पासवर्ड आठवत नसेल, तर रीसेटनंतर टॅब उघडणं अडू शकतं.

रॅम, म्हणजे चालू ॲप्सना लागणारी तात्पुरती मेमरी, कमी असेल तर मात्र इलाज नाही. 2011 च्या आयपॅड 2 मध्ये 512 एमबी रॅम. ॲपलची आयओएस 9 ही प्रणाली त्याला नीट झेपत नाही आणि जुन्या आवृत्तीवर सहजी परतता येत नाही. कंपन्यांनी हे अपडेटच्या बटणापाशीच, मराठीत आणि कन्नडमध्ये, ठळक लिहायला हवं.

– टॅब दुरुस्ती कारागीर, शहापूर, बेळगाव