वाईच्या काकू, भिंतीवरच्या त्या डागासाठी मनापासून आभार

आदरणीय काकू,
साष्टांग नमस्कार.

मालिकेतला वाडा काल पहिल्यांदा टीव्हीवर दिसला आणि लगेच आईचा फोन आला, "अरे, माझ्या माहेरचं घर कुठे मिळालं तुम्हाला?" गोरेगावच्या स्टुडिओत, फ्लोअरवर प्लायवूड आणि पीओपीचं उभं केलंय, हे तिला पटेना. त्याचं घर तुम्ही केलंत, काकू.

१९३८ सालचा वाडा म्हणून आधी सेटवरच्या वस्तू भाड्याने देणाऱ्या एका मोठ्या प्रॉपर्टीवाल्याला सगळं सांगितलं होतं. आगाऊ पैसे घेऊन त्याने स्टेनलेस स्टीलचे डबे पाठवले. स्टील आपल्या स्वयंपाकघरांत रुळलं ते स्वातंत्र्यानंतर! लक्ष्मीची तसबीर आली ती कोरी, चकचकीत लॅमिनेट केलेली. अशी चित्रं छापणारा रविवर्मांचा छापखाना निघाला १८९४ मध्ये. चुलीच्या धुरात इतकी वर्षं काढलेलं चित्र असं दिसेल का? विचारलं तर म्हणे, "दोन सेकंदांचा शॉट, कोण बघतंय?" या वाक्याचा मला अजून संताप येतो.

तुमची-आमची ओळख ना पाळख, तरी तुम्ही माळा उघडून दिलात. गंगाळं, शिंकाळं, सासूबाईंचा शिसवी पाट. आमच्या चुलीला वैल, म्हणजे शेजारची जोडचूल नाही, हे तुम्ही नुसत्या फोटोवरून ओळखलंत. सोवळ्याचे कपडे वाळत घालायची वलणी कुणाच्याही हाताला लागेल इतकी खाली होती, ती वर घ्यायला लावलीत. डिपॉझिटचं नाव काढलं तर रागावलात.

पण जन्मभर लक्षात राहील ती शूटिंगच्या आदली संध्याकाळ. सोप्यावर आजोबांच्या बैठकीपाशी तुम्ही थांबलात. आमच्या नटाला भिंतीला टेकून बसवलंत, डोकं नेमकं कुठे लागतं ते पाहिलंत आणि पिशवीतून खोबरेलाची बाटली काढलीत. तळहातावर तेल घेऊन तेवढ्याच जागी चोळलंत. मध्ये दाट, कडेला पुसट. "चाळीस वर्षं टेकलाय इथे माणूस," एवढंच म्हणालात. ते ऐकून आमच्या रंगाऱ्याने चौकटीवर हात पडतो तिथला रंग घासला, उंबऱ्याची मधली कड झिजवली. रात्रभर सगळे त्याच नजरेने सेट बघत होते.

अशी माणसं आहेत म्हणून आमची कामं होतात. घरातली वस्तू देतात, वर स्वतःचा दिवस देतात, आणि मागत काहीच नाहीत. श्रेयनामावलीत नाव घालू का विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "भांडी नीट आणून दे म्हणजे झालं."

भांड्यांना कल्हई करून घेतली आहे, रविवारी घेऊन येतो. पुढच्या कामात १९५० सालची गिरगावातली चाळ आहे, एका खोलीचं बिऱ्हाड. तुमचं लहानपण तिथेच गेलं म्हणाला होतात, तेव्हा येताना वही आणतोय. मोरी कुठे होती, अंथरुणं कुठे रचायचे, सगळं सांगा.

तुमचा,
कलाविभागातला मुलगा