'फावला वेळ' म्हणजे नेमका कोणता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत त्या तरुण चित्रकारावरचा अर्धपानी लेख वाचला. मुलाखत छान, फोटो त्याहून छान. पण मथळ्यात 'फावल्या वेळातले उद्योग' लिहिण्याची बुद्धी कोणाला झाली? पुस्तकात चित्रं काढतो ते काम, आणि लाकडाची खेळणी कोरतो, भिंती रंगवतो ते उद्योग! त्या मुलाच्या एकाही उत्तरात 'फावला वेळ' हा शब्द नाही. तो सगळा आपल्या उपसंपादकांचा.

पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन तरुणपणी मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे, लाकडी खेळणीही करायचे. हौस म्हणून नव्हे, पोटासाठी. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची माणसं तर छापील पानांवरून उठून कुलाब्याच्या कॅफे मोंडेगरच्या भिंतींवर जाऊन बसली आहेत. त्यातलं कोणतं काम आणि कोणता फावला वेळ, ते आपणच सांगावं.

मी तीस वर्षं मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. पांगाऱ्याच्या लाकडाचा पहिला बैल कोरला तेव्हा कळलं, मागचे पाय मी इतकी वर्षं चुकीचे काढत होते. कागदावरचा बैल पडत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

भिंतीचं तर विचारूच नका. तीन वर्षांपूर्वी इथल्या एका संस्थेचा फोन आला, शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर चित्र हवंय, रंग आम्ही देतो. मानधनाचं विचारलं तर पलीकडून अगदी प्रेमानं, "मॅडम, तुम्हाला तर याची हौस आहे ना!" गेले तरी, चूक माझीच. चाळीस फूट भिंत. पत्र्याच्या तुकड्यानं पोपडे खरवडण्यातच दोन दिवस गेले आणि एका कोपऱ्यातली ओल शेवटपर्यंत हटली नाही. लाकडी घोडा दोरीनं ओढत नेणारी मुलगी काढली. भिंतीला टेकून भाजी विकणाऱ्या मावशी रोज पाहायच्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "बाई, घोड्याला एवढं पोट? गाभण हाय काय?" पोट कमी केलं. इतकं नेमकं मत मला कोणत्याही प्रकाशकानं दिलेलं नाही.

अकराव्या दिवशी नारळ फुटला. बॅनरवर बारा जणांचे फोटो होते, चित्र कोणाचं ते कुठेच नव्हतं. सहा महिन्यांनी कोणी बडे पाहुणे येणार म्हणून एका रात्रीत सगळ्या भिंतीला चुना मारला. घोड्याची दोन चाकं तेवढी वाचली, कारण मावशी रात्री आपली खोकी तिथेच रचून जातात आणि रंगाऱ्यानं ती हलवायची तसदी घेतली नाही. मी फोन केला तर उत्तर मिळालं, "पुन्हा काढा की, तुम्हाला काय, फावल्या वेळात होऊन जाईल." आता कळलं ना, आपला मथळा मला का झोंबला?

जाता जाता आणखी एक. त्याच पानावर खालच्या कथेला एक सुरेख रेखाचित्र आहे. छत्री धरलेला म्हातारा, जेमतेम दहा-बारा रेघांत. कथालेखकाचं नाव ठळक अक्षरात, मुलाखतीतल्या फोटोंखालीही छायाचित्रकाराचं नाव आहे. म्हाताऱ्याला मात्र वाली नाही. भिंग घेऊन पाहिलं, कोपऱ्यातली सहीसुद्धा पान लावताना कापली गेली आहे. चित्रकारांच्या कौतुकाला अर्धं पान देता, तर एका ओळीत हा म्हातारा काढणाऱ्याचं नाव पुढच्या रविवारी छापता आलं तर बघा.

पत्र लांबलं आहे. कापायचंच झालं तर हुसेन-मिरांडा कापा, मावशींना हात लावू नका.

आपली,
एक चित्रकार वाचक, सांगली