पोरांना रिफ्लेक्टर लावा, पण गाडीच्या ब्रेकवर विसंबून राहू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या हॅलोविनवर लेख आला आणि त्याच्याच मागच्या पानावर नवीन फॅमिली क्रॉसओव्हर गाडीची (म्हणजे छोट्या एसयूव्हीसारख्या उंच कारची) ओळख. दोन्ही वाचलं आणि म्हटलं आता लिहायलाच हवं, कारण तुमच्याकडे हे विषय दोन पानांवर असले तरी आमच्या एडिसनमध्ये, न्यू जर्सीत, ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी ते एकाच रस्त्यावर असतात, पोरं नाना वेश करून दारोदार कँडी मागत फिरतात आणि त्याच वेळी अख्खी कॉलनी ऑफिसातून गाड्या घेऊन घरी परतते.

लेखातली अर्धीअधिक जागा कँडीत ब्लेड आणि विष या भीतीने खाल्ली आहे. हे व्हॉट्सॲपवर दरवर्षी फिरतं, पुण्याहून आईचा फोनसुद्धा त्यावरूनच येतो की बाई पोरांना कुणाच्याही घरचं खायला देऊ नकोस. डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट अनेक वर्षं अशा बातम्यांच्या मागे लागलेत, आणि अनोळखी माणसाने वाटलेल्या विषारी कँडीने एखादं मूल दगावलं अशी एकही खात्रीशीर केस त्यांना सापडलेली नाही. १९७४ मध्ये टेक्सासात एक मुलगा सायनाइडने गेला ते खरं, पण ते देणारा त्याचा सख्खा बाप होता, विम्याच्या पैशासाठी. कँडी घरी आणल्यावर एकदा बघून घ्यावी, नट ॲलर्जी असेल तर नीटच बघावी, पण सगळी काळजी तिथेच संपवू नये एवढंच माझं म्हणणं.

काळजी करायची ती रस्त्याची. जामा पीडियाट्रिक्स या बालरोगांवरच्या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली आलेल्या एका अभ्यासात १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांच्या अपघातांच्या सरकारी नोंदी तपासल्या होत्या, हॅलोविनची संध्याकाळ एका बाजूला आणि आठवडाभर आधीची आणि नंतरची तीच वेळ दुसऱ्या बाजूला. पायी चालणाऱ्यांचे मृत्यू हॅलोविनला ४३ टक्के जास्त निघाले आणि ४ ते ८ वयाच्या पोरांमध्ये तर जवळपास दहापट. आकडा ऐकून घाबरून पोरांना घरात कोंडू नका, देशभरात मिळून दर हॅलोविनला सरासरी चार जादा मृत्यू म्हणजे एकेका घराच्या हिशोबात धोका लहानच आहे, पण सगळ्यात वाईट वेळ कुठली होती तर संध्याकाळी सहाच्या आसपास, म्हणजे आमच्याकडे नुकता सूर्य बुडालेला असतो, पूर्ण अंधार नाही आणि धड दिसतही नाही. इथे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे ठेवतात, ती परत एक तास मागे जातात २००७ पासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, त्यामुळे हॅलोविनला अजून उन्हाळी वेळच चालू असते, नाहीतर ही पोरं मिट्ट काळोखात फिरली असती.

आता गाडी. आमच्याही घरी नुकतीच नवीन क्रॉसओव्हर आली, दोन पोरं, बूस्टर सीट, भारतातून आलेल्या बॅगा, सगळं मावतं, उंच बसायला मिळतं, तक्रार काहीच नाही. पण उंच बसल्यावर लांबचं छान दिसतं आणि अगदी नाकासमोरचं दिसत नाही. इथल्या विमा कंपन्यांच्या संस्थेने, आयआयएचएसने, २०२३ मध्ये मांडलं की ज्या गाड्यांचं हूड, म्हणजे आपलं बॉनेट, ४० इंचांपेक्षा उंच आहे त्यांच्या धडकेत पायी माणूस मरायची शक्यता उतरत्या नाकाच्या बुटक्या गाड्यांपेक्षा साधारण ४५ टक्के जास्त, आणि हूड ३० ते ४० इंचांमधलं पण नाक सरळ उभं असेल तरी २६ टक्के जास्त. ४० इंच म्हणजे शंभर सेंटिमीटरच्या थोडं वर, पाच वर्षांचं पोर त्याच्याहून जेमतेम टाळूभर उंच असतं. मोठे पिकअप तर विचारूच नका, आमच्या गल्लीत एक उभा असतो त्याच्या पुढून स्पायडरमॅन गेला तर चालवणाऱ्याला फक्त मास्कचा शेंडा दिसेल.

आणि ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहितेय ते पुढेच आहे. डीलर सांगतो गाडी स्वतः माणूस ओळखून ब्रेक मारते, तुमच्या गाडीच्या ओळखीतही ते कौतुकाने लिहिलंय. ते खोटं नाही, आयआयएचएसच्याच हिशोबाने अशा गाड्यांचे पायी माणसाला धडकायचे अपघात २७ टक्क्यांनी कमी आहेत. पण जिथे रस्त्यावर दिवे नाहीत तिथे रात्री काहीच फरक आढळला नाही! आमच्या इथे कितीतरी सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे घरांच्या वसाहतींत, ना फुटपाथ ना दिव्याचे खांब, पोरं सरळ डांबरावरूनच चालतात. म्हणून आपण आया काय करतो, कॉश्च्युमवर चमकणाऱ्या पट्ट्या चिकटवतो. जानेवारी २०२५ मध्ये त्याच संस्थेने तीन फॅमिली क्रॉसओव्हर रात्री तपासल्या, ताशी २५ मैलांवर, समोरून रस्ता ओलांडणारा पुतळा, कधी काळ्या कपड्यात, कधी चमकत्या पट्ट्यांच्या कपड्यात. सुबारू फॉरेस्टर जवळपास प्रत्येक वेळी थांबली, पण होंडा सीआर-व्ही आणि माझदा सीएक्स-५ पुतळ्याला बहुतेक वेळा धडकल्या आणि पट्ट्यावाल्या पुतळ्यासमोर सीआर-व्हीने तर वेगच कमी केला नाही. जी पट्टी माणसाच्या डोळ्याला लांबून दिसते तीच गाडीच्या कॅमेऱ्याला गोंधळात टाकू शकते.

म्हणून पट्ट्या काढून टाका असं अजिबात म्हणत नाहीये, त्या आपल्या, म्हणजे चालवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसाठी आहेत आणि तिथे त्या कामाच्याच आहेत. फक्त ते डोळे रस्त्यावर पाहिजेत, डॅशबोर्डवरच्या टीव्हीएवढ्या स्क्रीनवर नकोत. आणि पाय ब्रेकजवळ. २३ मैलांच्या वेगात धडक बसली तर पायी माणूस मरायचा धोका साधारण १० टक्के, ३२ ला २५ टक्के, ४२ ला ५० टक्के, हे ट्रिपल ए (AAA) या इथल्या वाहनचालकांच्या संघटनेच्या फाउंडेशनने २०११ मध्येच दाखवलंय, तेही सगळ्या वयांच्या सरासरीने. त्या संध्याकाळी कॉलनीत १५ च्या वर कशाला जायचं?

पोरांकडून काय करून घ्यायचं ते सगळ्यांना माहीत असतं तरी दोन गोष्टी सांगतेच. मास्कपेक्षा तोंड रंगवलेलं बरं, मास्कच्या भोकातून बाजूचं दिसत नाही. आणि झिगझॅग नको, आधी एका बाजूची सगळी घरं, मग कोपऱ्यावर जाऊन रस्ता ओलांडून दुसरी बाजू, कारण पोरं जास्त करून उभ्या गाड्यांच्या मधून पळतात, समोरच्या घरात मोठा चॉकलेट बार मिळतोय असं कळलं की झालंच. हातात टॉर्च द्या, फोनचा नको, फोन दिला की मान खाली. काही जण सरळ ट्रंक-ऑर-ट्रीटला जातात, म्हणजे शाळेच्या नाहीतर चर्चच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्क्या सजवून तिथेच कँडी वाटायची. सुरक्षित आहे खरं, पण मला ते थोडं बेचव वाटतं, शेजाऱ्याची बेल वाजवायची मजाच जाते. २०२४ ला नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले होते, दारात पणत्या, भोपळा, चकली मागणारे छोटे ड्रॅक्युला, ते पार्किंगमध्ये कुठून मिळणार.

आता पुण्यातल्या सोसायट्यांतही पोरं त्या दिवशी भूत बनून फिरतात, आणि ऑटो ब्रेकवाल्या गाड्या तिकडेही धडाधड विकल्या जातायत, त्यामुळे हे फक्त आमच्यापुरतं नाही. इथल्या सरकारने २०२४ मध्ये नियम केला की सगळ्या नव्या गाड्यांचा ऑटो ब्रेक अंधारातही पायी माणूस ओळखणारा पाहिजे, मुदत दिली सप्टेंबर २०२९ ची. तोपर्यंत तुम्हाला एक विनंती, पुढच्या वेळी कुठल्याही फॅमिली गाडीची ओळख छापाल तेव्हा सनरूफ आणि मायलेजच्या जोडीला रात्रीच्या पादचारी चाचणीत ती कशी ठरली आणि हूडची उंची किती आहे, या दोन ओळी जरूर टाका. इथल्या गाड्यांच्या त्या चाचणीचे निकाल आयआयएचएस मॉडेलवार जाहीर करते, शोधायला फार कष्ट नाहीत.

आपली,
एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी