पंचांनी शिट्टी कधी आवरावी?

महोदय,
रत्नागिरी-सिंधुदुर्गातील शालेय बास्केटबॉल सामन्यांत पुष्कळदा किरकोळ स्पर्शालाही शिट्टी वाजते, त्यामुळे खेळाची लय तुटते आणि पाच फाउल होऊन चांगला खेळाडू बाहेर बसतो. ‘फिबा’च्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनुसार, स्पर्शामुळे कोणाला अन्याय्य फायदा झाला का, हे पंचांनी पाहायचे असते, चेंडू घेऊन निघालेल्या मुलाचा तोल आणि वेग शाबूत असेल, तर हलका धक्का सोडून द्यावा. मात्र उडी घेतलेल्या खेळाडूच्या पायाखाली कोणी सरकला, तर सवलत मुळीच नको, विशेषतः आपल्याकडच्या सिमेंटच्या, पावसाळी हवेत निसरड्या होणाऱ्या मैदानांवर. शेवटच्या मिनिटालाही निकष हाच असावा. पहिल्या सत्रात फाउल ठरलेला धक्का अखेरीस दुर्लक्षित होणे मुलांवर अन्यायकारक आहे.

– एक क्रीडाप्रेमी पालक, रत्नागिरी