उभ्याने पाहिलेला सामना

बर्लिन

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परक्या शहरात राहणाऱ्या माणसाला तिथल्या फुटबॉलच्या सामन्याला जाऊन नेमके काय मिळते, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. गेल्या आठवड्यात युनियन बर्लिन या इथल्या क्लबचा सामना त्यांच्या घरच्या मैदानावर पाहून आलो, म्हणून आता सविस्तर लिहितो.

शहराच्या आग्नेयेला क्योपेनिक नावाचा भाग आहे. तिथे एस-बानमधून, म्हणजे शहरी रेल्वेतून, उतरले की लाल-पांढरे मफलर गुंडाळलेल्या माणसांच्या मागून झाडीतल्या वाटेने चालत जायचे. रस्ता कोणाला विचारावा लागत नाही. ‘अल्टे फोर्स्टेराय’ या मैदानात 22,012 प्रेक्षक मावतात आणि त्यांपैकी बसण्याची सोय अवघ्या 3,617 जणांची आहे. बाकी सारे पायऱ्यांवर उभे असतात. खरे सांगायचे तर आत शिरताना माझ्या मनात धाकधूक होती, कारण माझ्या रंगाची माणसे त्या गर्दीत फारशी दिसत नव्हती. जर्मनीतल्या प्रत्येक मैदानावर परक्याला निर्धास्त वाटेल, असे मी म्हणणार नाही. मी फक्त या एका मैदानाविषयी लिहितो आहे.

माझ्या शेजारी साठीच्या पुढच्या एक बाई उभ्या होत्या. मी कुठला, इथे काय करतो, हे प्रश्न त्यांनी विचारलेच नाहीत. पहिल्यांदा आलास का, एवढेच विचारून त्यांनी मला नियम सांगितले: आपल्या खेळाडूवर शिट्ट्या मारायच्या नाहीत, पराभवाचे खापर एकट्यादुकट्यावर फोडायचे नाही आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत जागा सोडायची नाही. इतकी वर्षे परदेशात राहून आदराने वागवले जाण्याची मला सवय झाली आहे, पण हा आदर बहुधा पाहुण्याला मिळणारा असतो आणि पाहुण्याकडून कोणी काही अपेक्षा ठेवत नाही. त्या बाईंनी माझ्यावर थेट जबाबदारी टाकली. तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे, आणि ते मला फार मोलाचे वाटते.

ही जबाबदारी तिथे नुसती बोलण्यापुरती नाही. 2004 मध्ये क्लब आर्थिक संकटात सापडला, तेव्हा समर्थकांनी रक्तदान केले आणि त्याबद्दल मिळालेला मोबदला क्लबला दिला. पुढे 2008 च्या उन्हाळ्यात मोडकळीला आलेल्या मैदानाची पुनर्बांधणी सुरू झाली. पैसे अपुरे होते, म्हणून दोन हजारांहून अधिक समर्थकांनी वर्षभरात सुमारे 1,40,000 तास विनामोबदला राबून काम केले. नोकरीवरून सुटून कोणी काँक्रीट ओतले, कोणी लोखंडी सळ्या बांधल्या. त्या बाईही तेव्हा इथे येत असत. ज्या पायरीवर आम्ही उभे होतो, तिच्याकडे बोट दाखवून त्यांनी हे मला सांगितले, आणि त्यानंतर पाय दुखत असल्याचे सांगण्याची मला इच्छाच राहिली नाही. मैदानाबाहेर या कामकऱ्यांच्या सन्मानार्थ बांधकामावर घालतात तसे लाल रंगाचे एक भले मोठे शिरस्त्राण उभारलेले आहे. जुना धावफलकही त्यांनी जपला आहे आणि त्यावरचे आकडे आजही हाताने बदलले जातात.

खेळाविषयी थोडक्यात सांगतो, कारण सामना काही उच्च दर्जाचा नव्हता. पासेस चुकत होते आणि मधल्या फळीत ताळमेळ नव्हता. पूर्वार्धातच आमच्यावर गोल झाला (‘आमच्यावर’ हा शब्द लेखणीतून आपोआप उतरला आहे, तो तसाच राहू देतो) आणि तो अखेरपर्यंत फिटला नाही. मात्र त्या गोलनंतर जे घडले, ते मी अन्यत्र कुठेही पाहिलेले नाही. क्षणभराचीही शांतता न होता गाणे अधिक मोठ्याने सुरू झाले. एका बाजूने ‘आयझर्न’ (म्हणजे ‘लोखंडी’) अशी आरोळी उठायची, समोरच्या बाजूने ‘युनियन’ असा प्रतिसाद यायचा, आणि माझ्याही घशातून तो प्रतिसाद केव्हा निघू लागला ते मला समजले नाही. प्रतिस्पर्ध्यांना हिणवणाऱ्या काही घोषणा मला आवडल्या नाहीत. तेवढ्या वेळापुरता मी गप्प राहिलो आणि त्याबद्दल कोणी मला काही म्हटले नाही.

बाईंनी सांगितलेली आणखी एक गोष्ट तुला लिहायलाच हवी. 2019 मध्ये युनियन प्रथमच बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीतल्या सर्वोच्च साखळी स्पर्धेत, पोहोचला. 18 ऑगस्टला तिथला पहिला सामना याच मैदानावर झाला, तेव्हा हा दिवस पाहण्याआधी ज्यांचे निधन झाले होते, अशा आप्तांची आणि मित्रांची मोठी छायाचित्रे घेऊन समर्थक आले होते. लाइपझिगने त्या दिवशी 4-0 असा पराभव केला. बाईंच्या हातात त्यांच्या यजमानांचे छायाचित्र होते. हे सांगताना त्यांचे डोळे चेंडूवरच होते.

शेवटची शिट्टी झाल्यावर हरलेले खेळाडू आमच्या पायऱ्यांसमोर आले आणि लोकांनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. आजूबाजूचे कोणीही त्याआधी हलले नव्हते.

वसंतात तू इकडे येणार असशील तर तारखा लवकर कळव. तिकिटे आधी क्लबच्या सभासदांना मिळतात, त्यामुळे एखाद्या सभासदाला वेळेवर सांगून ठेवावे लागेल. उभ्याचीच तिकिटे घेऊ.

तुझा मित्र