स्मरणिकेसाठी फोटो पाठवताना : सर्व सभासदांना सूचना

सभासदहो, नमस्कार.

झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, दंडार या लोकनाट्यावरील आपल्या स्मरणिकेचे फोटो येऊ लागले आहेत. पण बरेचसे छापण्याजोगे नाहीत. मागच्या अंकात मोबाईलवर लख्ख दिसणारा एक फोटो छापून आला, तेव्हा ढोलकीवाल्या काकांच्या चेहऱ्याचे नुसते चौकोन झाले. ते आज हयात नाहीत, म्हणून ते पान बघवत नाही.

छपाईला इंचाला ३०० पिक्सेल, म्हणजे फोटो ज्यांचा बनतो ते बारीक ठिपके, लागतात. म्हणजे ५ इंच रुंद फोटोला १५०० पिक्सेल रुंदी हवी. ए४ आकाराच्या पूर्ण पानाला २४८० बाय ३५०८. लहान फोटो ओढून मोठा केला तर पिक्सेल वाढतात, पण हरवलेले बारकावे परत येत नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, तो दाबून लहान केला जातो आणि बारकावे हरवतात. मूळ फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. स्क्रीनशॉट तर नकोच.

घरातल्या जुन्या फोटोंचा मोबाईलने फोटो काढू नका, स्कॅन करा. पासपोर्टएवढा असेल तर ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके), म्हणजे दुप्पट मोठा छापता येईल. स्कॅनची सोय नसेल त्यांनी मूळ फोटो वाचनालयात आणून द्यावा, स्कॅन करून लगेच हातात परत देऊ. फोटोतल्या माणसांची नावे मात्र नक्की लिहून द्या.

– संपादन समिती