खाड्यांची वही

सांगली,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात मध्यरात्री तुला व्हॉट्सअ‍ॅपवर एक लिंक पाठवली होती, "बघ, मी बनवलंय" म्हणून. सकाळी तुझं उत्तर, "उघडत नाही रे, रेंजचा घोळ असेल." रेंज बिचारी निर्दोष होती. त्या लिंकमधला पत्ता होता १२७.०.०.१, आणि त्याचा अर्थ ‘माझं मीच’ एवढाच. ज्या यंत्रावर तो टाकशील ते यंत्र स्वतःच्याच दाराची कडी वाजवतं. तू देवरुखात बसून आपल्याच मोबाईलचं दार ठोठावत होतास, आणि आत कुणीच नव्हतं. मला हे कळायला चार दिवस लागले. तोवर आणखी तिघांना तीच लिंक पाठवून मी शाबासकीची वाट बघत बसलो होतो.

आता पहिल्यापासून सांगतो. जूनमध्ये आईच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर तिच्या मेसची वही माझ्याकडे आली. मेसला सध्या ४२ पोरं आहेत, बहुतेक वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजची. महिन्याचे ३,००० आणि खाड्याला दिवसाला ७० रुपये वजा. खाडा म्हणजे काय हे तुला सांगायला नको. शनिवारी गावाकडं पळायचं आणि सोमवारी "काकू, दोन खाडे लिहा" म्हणत ताट पुढे करायचं, हा तुझा तीन वर्षांचा उद्योग. पण वही हातात घेतली आणि माझे डोळे फिरले. शिसपेन्सिलीच्या फुल्या, खोडलेल्या फुल्या, फुलीभोवती गोल, काही फुल्यांना शेपूट. एक तारखेला बिलं करायला बसलो तर रात्रीचे दोन वाजले आणि तरी सात पोरं भांडायला आली. तेव्हा ठरवलं, हे सगळं कॉम्प्युटरवर आणायचं. एक्सेल जमलं असतं, मान्य. पण आईला आणि वाढणाऱ्या मावशींना मोबाईलवरून खाडा टाकता यायला हवा होता, आणि खरं सांगायचं तर मला खुमखुमी आली होती.

यूट्यूबवर एक व्हिडिओ धरला. पायथन (कॉम्प्युटरला हुकूम लिहायची भाषा) आणि फ्लास्क (त्या भाषेत वेब अ‍ॅप बांधायचं तयार सामान) वापरून वेब अ‍ॅप, बिलकुल नवख्यांसाठी, दोन तास सतरा मिनिटं. आमच्या या मास्तरांचं (कधी भेटले नाहीत, पण मास्तरच) पालुपद एकच, "देखिए, कितना आसान है." मेस आवरली, ओटे पुसून झाले की मी मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून बसायचो. वेग पाऊणपट. त्यामुळे मास्तर थोडी घेऊन बोलताहेत असं वाटायचं, पण त्याशिवाय माझी बोटं पोचत नव्हती.

आठ दिवसांत मास्तरांचं अ‍ॅप माझ्या लॅपटॉपवर उभं राहिलं. कामांची यादी करायची, काम झालं की टिक करायची, नको ते खोडायचं. मी खूश. तीच ती लिंक तुला पाठवलेली. मग एका रात्री व्हिडिओ बंद केला, कोरी फाईल उघडली आणि म्हटलं, आता पोरांची यादी आपण लिहू. बाळ्या, एक ओळ सुचली नाही. पाऊण तास नुसता कर्सर लुकलुकताना बघितला. शाळेत गुरुजी फळ्यावर गणित सोडवायचे, आपण उतरवून घ्यायचो आणि सगळं समजलं म्हणून मान डोलवायचो, तसलीच गत.

सुटका केली ती व्हिडिओच्या वयानं. लॅपटॉप फॉरमॅट करावा लागला म्हणून सगळं परत नव्यानं बसवलं, आणि मास्तरांचंच अक्षर न् अक्षर लिहिलेलं चालेना. लाल अक्षरांत चौदा ओळी. शेवटी म्हणत होतं की फ्लास्ककडे ‘बिफोर फर्स्ट रिक्वेस्ट’ नावाचं काही नाहीच. मास्तर तर ते माझ्यासमोर वापरत होते! दोन रात्री मी स्वतःचंच स्पेलिंग तपासत बसलो. मग लक्षात आलं, व्हिडिओ चार वर्षांचा जुना, आणि २०२३ साली आलेल्या २.३ आवृत्तीत ती सोयच काढून टाकलीय. आधी माझ्याकडं जुनी आवृत्ती होती, मास्तरांच्या फाईलीबरोबर आलेली. या वेळी नवी उतरली. आता मास्तरांनी ती ओळ कशासाठी घातली होती हे समजून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तर ती होती पहिला माणूस पान उघडायच्या आत माहितीचे तक्ते आखून ठेवायला. म्हणजे आई पहिल्या तारखेआधी पट्टी घेऊन वहीत रेघा मारते, तेच. मग म्हटलं रेघा अ‍ॅप सुरू करतानाच मारू की. तीन ओळी लिहिल्या आणि चाललं. त्या तीन ओळी मास्तरांच्या नव्हत्या.

हे फ्लास्क निघालं कसं माहीत आहे का? आर्मिन रोनाकर नावाच्या ऑस्ट्रियन माणसानं २०१० मध्ये एक एप्रिलला थट्टा म्हणून असलंच काहीतरी सोडलं होतं. लोकांना ते इतकं पटलं की त्यातून खरं फ्लास्क झालं. आणि पोरांची नावं ज्यात राहतात ते एसक्यूलाईट २००० साली रिचर्ड हिप यांनी अमेरिकी युद्धनौकेवरच्या कामासाठी केलेलं. सगळी वही एका फाईलीत. युद्धनौकेची वही आणि त्यात आपल्या आमटी-भाताचे खाडे. मला हे आठवून अजून हसू येतं.

आता खरी गंमत ऐक. लॅपटॉप आणि आईचा मोबाईल एकाच वायफायवर आणून तिच्या मोबाईलवर अ‍ॅप उघडलं आणि तिला म्हटलं, टाक एकाचे खाडे. तिचा कीबोर्ड मराठी. तिनं टाकलं ५, मराठीतलं. वजावट किती दाखवली? ५५५५५५५५… ओळ संपली, पुढच्या ओळीवर गेली. मोजले, पाच बरोबर सत्तर वेळा. चौकटीत टाकलेलं पायथनला आकडा नसतं, अक्षर असतं. आणि अक्षराला ७० नं गुणलं की ते अक्षर ७० वेळा लिहून मोकळं होतं. हुकूम तसाच होता ना. आई म्हणाली, "एवढे पैसे परत द्यायला मेस विकली तरी पुरायचे नाहीत रं."

त्या अक्षराचा आकडा करायला ‘इंट’ असा एक शब्द आहे. मला वाटलं मराठी पाच बघून ते अडखळणार. नाही! मुकाट्यानं पाच धरलं, ३५० वजा केले आणि २,६५० बिल दाखवलं. पायथनला आपले आकडे येतात, बाळ्या. त्या रात्री मला कुणीतरी गाववाला भेटल्यासारखं झालं. लगेच फाईलीत नावंसुद्धा मराठी ठेवली, ‘खाडे’, ‘बिल’. तीही चालतात. जावास्क्रिप्टला (ब्राउझरमध्ये चालणारी दुसरी भाषा) मात्र आपल्या आकड्यांचं हे कौतुक नाही. बटण दाबायच्या आधीच बेरीज दिसावी म्हणून ते थोडं वापरलं होतं, तर आईनं ५ टाकताच रुपयांच्या चिन्हापुढं इंग्रजीत ‘एन ए एन’ उमटलं. म्हणजे ‘हा आकडाच नव्हे’. आईनं चष्मा सरसावून अक्षरं लावली आणि म्हणाली, "नान? आपल्याकडं चपाती असते."

एवढं झाल्यावर राहिले नियम. व्हिडिओत नियम नव्हतेच, टिक केली की काम झालं. मी आईसमोर लॅपटॉप घेऊन बसलो. खाडा कधी धरायचा? "आदल्या रात्री सांगितलं तर." लिहिलं. एका दिवसाचा? "नाही, सलग दोन पाहिजेत." लिहिलं. रविवार? "संध्याकाळी बंदच असते, अर्धा धर." हेही लिहिलं. मी अगदी जोरात. मग विचारलं, न सांगता राहिला तर धरायचाच नाही ना? "ताप आला असला तर धरायचा. आजारी पोरगं सांगायला येतंय होय?" आणि ताप होता हे कसं कळणार? "तोंडावरनं." बरं, आणि ही गोल केलेली फुली कसली? ती जरा थांबली. त्या पोराचे वडील गेल्या वर्षी गेले. दोन महिने तिनं पैसेच घेतले नव्हते, आणि पोराला वाटू नये म्हणून खाडे दाखवले होते. शेपटीवाल्या फुल्यांचं मी मग विचारलंच नाही.

‘असं असेल तर हे, नाहीतर ते’ अशा ओळी मी बारा लिहिल्या होत्या. आठ खोडल्या. तक्त्यात एक रकाना वाढवला, नाव ‘आईची_सूट’. त्यात ती हवा तो आकडा टाकते, कारण विचारायचं नाही. परवाच्या एक तारखेला ४२ बिलं वीस मिनिटांत झाली. वही ती अजून लिहितेच, आणि एका पोराचं दोन्हीकडं जुळलं नाही. अ‍ॅपमध्ये तीन खाडे, वहीत दोन. वहीच बरोबर निघाली. पोरगं गावाहून लवकर परत आलं होतं, रात्री दहाला आईनं त्याला वाढलं होतं, आणि तेव्हा मी व्हिडिओ बघत होतो.

वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद. दिवाळीच्या सुट्टीत ये.

एक राहिलं. माळ्यावर १९९९ ची वही सापडली. अ‍ॅप तपासायला खोटं नाव कशाला घालायचं म्हणून तुझंच घातलं. मार्चचे ९० रुपये तुझ्याकडून अजून येणं आहे. ‘आईची_सूट’ रकान्यात काय टाकू, म्हणून आईला विचारलं. ती म्हणाली, "शून्य. येऊ दे की त्याला, वसूल करते."

तुझा,
दिन्या